निधन वार्ता ही जाहिरात नव्हे

जिल्ह्याच्या दैनिकात माणूस दोन ठिकाणी मरतो. एक निधन वार्तेच्या कॉलमात, दुसरा जाहिरातीत. निधन वार्ता आतल्या पानावर असते. पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो, गाव, नाव, कंसात वय, कशाने गेले, मागे कोण आहे, रक्षाविसर्जन कधी. तीस-चाळीस शब्दांत आयुष्य आटोपते. त्याचे पैसे पडत नाहीत, निदान पडत नसत. जाहिरात पाव पानाची, ऐपत असेल तर अर्ध्या पानाची. कडेने फुलांची वेल, खाली समई, मध्ये रंगीत फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली' अशी जाड अक्षरे आणि त्याखाली शोकाकुलांची यादी. या यादीत मृताच्या मुलाच्या नावापेक्षा तालुकाध्यक्षाचे नाव ठळक असू शकते. जाहिरातीचा दर चौरस सेंटिमीटरवर ठरतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत पहिला प्रकार आक्रसला आणि दुसरा फुगला, हे रोज अंक चाळणाऱ्या कुणालाही दिसते. काही ठिकाणी निधन वार्ता 'संक्षिप्त'मध्ये कोंबली जाते, काही ठिकाणी 'आधी जाहिरात द्या, मग बातमी लावतो' असे फोनवर सांगितले जाते. माझे म्हणणे साधे आहे. गावातला माणूस गेला ही बातमी आहे, आणि बातमीचे पैसे बातमीतल्या माणसाकडून घ्यायचे नसतात. जे दैनिक ही बातमी विकायला काढते, ते जिल्ह्याचे दैनिक म्हणवून घेण्याचा आपला मुख्य आधारच विकून टाकते.

शहरातल्या वाचकाला हे जरा जास्तच वाटेल. त्याच्या लेखी हा कॉलम म्हणजे म्हाताऱ्यांची करमणूक. सलूनमध्ये, एसटी स्टँडासमोरच्या चहाच्या टपरीवर साठी ओलांडलेला माणूस अंक हातात आला की पहिल्यांदा तेच पान काढतो आणि 'बघू, आज कोण गेलं' म्हणतो, तेव्हा बाजूचे तरुण हसतात. पण त्या माणसाच्या मागे काम असते. आपल्याकडे लग्नाला नाही गेले तर चालते, मातीला नाही गेले तर चालत नाही. मातीला जमले नाही तर रक्षाविसर्जनाला, तेही हुकले तर निदान उत्तरकार्याआधी घरी जाऊन बसावे लागते. पुढच्या पिढीतही भाऊबंदांची बोलचाल राहणार की तुटणार, हे बऱ्याचदा तिथे ठरते. पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याला जामीनदार गेल्याचे तिथेच कळते. लग्न होऊन तीस वर्षे झालेली बाई आपल्या माहेरच्या गावाचे नाव त्या कॉलमात शोधते, आणि शाळेतल्या मैत्रिणीची आई गेल्याचे तिला दुसऱ्या कुणी कळवलेले नसते. तिच्याकडे त्या गावाचा कुठलाही ग्रुप नसतो.

हे काम वर्तमानपत्राकडे आले ते जुन्या सांगाव्याकडून. आधी गावोगाव माणूस धाडला जाई. मग पोस्टकार्ड आले, कोपरा फाडलेले. ते हातात पडले की मजकूर वाचायच्या आधीच घरात रड उठायची, आणि वाचून झाले की ते फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही अशी रीत होती. तार आली की दाराशीच हात कापायचे. ती तार २०१३च्या जुलैत बंद झाली. या सगळ्यांत वर्तमानपत्रातली बातमी एकटीच अशी की लोकांनी ती फाडून टाकली नाही, कापून ठेवली. फोटोच्या फ्रेममागे, ट्रंकेत, बँकेच्या पासबुकात. मृत्यूची बातमी देणारा कागद अशुभ मानणाऱ्या घरांनी छापील कात्रणाला मात्र हा अपवाद केला, कारण ती गावाने घेतलेली दखल होती.

ना. भि. परुळेकरांनी १९३२मध्ये पुण्यात 'सकाळ' काढला, तेव्हा मराठी वर्तमानपत्र म्हणजे अग्रलेख आणि त्यातले वाद अशी समजूत होती. त्यांनी गल्लीतले पाणी, बाजारभाव, तालुक्याच्या वार्ताहराने धाडलेली चार ओळींची घटना या गोष्टींना पानावर जागा दिली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत जी दैनिके उभी राहिली, ती बव्हंशी याच समजुतीवर की वाचकाला दिल्लीइतकाच आपला वॉर्डही महत्त्वाचा असतो. वॉर्डातला माणूस गेला, याहून मोठी स्थानिक बातमी कोणती? मुंबईच्या गुजराती पत्रांना हे फार आधी उमगले होते. १८२२पासून चालू असलेल्या 'मुंबई समाचार'चा मरणनोंदींचा भाग आणि १८३२मध्ये निघालेल्या 'जाम-ए-जमशेद'मधल्या पारशी मृत्यूंच्या नोंदी हे त्या समाजांचे नेहमीचे वाचन. त्या पत्रांनी भाषेचे, शहराचे आणि धंद्याचे किती बदल पाहिले, पण हे सदर सोडले नाही.

आता मुख्य मुद्दा. जाहिरात घरचे लिहितात, बातमी दुसरा कुणीतरी लिहितो. या फरकात सगळे आले. न्यायमूर्ती रानडे १९०१च्या जानेवारीत गेले. टिळकांचे त्यांच्याशी सामाजिक परिषदेपासून किती बाबतींत वाजले होते हे सर्वांना ठाऊक होते. तरी केसरीत टिळकांनी लिहिलेला मृत्युलेख आजही काढून वाचला जातो, कारण थंड गोळा होऊन पडलेल्या महाराष्ट्राला ऊब देण्याचे काम या माणसाने केले, हे तिथे विरोधकाने कबूल केलेले आहे. रानड्यांच्या घरच्यांनी हेच छापून आणले असते तर त्याला काय किंमत राहिली असती?

रानड्यांचे उदाहरण फार वरचे झाले. खाली, तालुक्यात येऊ. आपल्या निधन वार्तांची भाषा इतकी एका साच्यातली झाली आहे की नाव बदलले तर कुणाचीही बातमी कुणालाही लागते. 'मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीचे' हे दोन शब्द नसलेला मृत माणूस आमच्या भागात सापडत नाही. जिल्ह्यात मरणारा प्रत्येक जण मनमिळाऊ असेल, तर दिवाणी न्यायालयात बांधाचे दावे चालवतो कोण? मृताची उणीदुणी काढा असे मी म्हणत नाही. चांगले बोलायचे म्हणून काहीच न बोलण्याची जी सोय आपण करून घेतली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे होती. जमिनीखाली खोदलेली, वरून तोंड बंद केलेली कोठारे. त्यांत हळद वर्षानुवर्षे टिकायची. पेव उघडल्यावर आत हवा कशी आहे, माणूस कधी उतरवायचा आणि कधी थांबायचे, हे ज्यांना कळत होते ते हमाल कुठल्या शाळेत शिकले नव्हते. चुकले तर आत गुदमरून जीव जायचा. २००५च्या महापुराने त्या पेवांचे मोठे नुकसान केले आणि तो धंदा गोदामांकडे वळला. अशा कामात आयुष्य घातलेला एखादा म्हातारा आज गेला तर दैनिकात काय येईल? 'वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी ९ वाजता.' बस. वार्ताहराने फोनवर 'काय करायचे हो ते?' एवढा एक प्रश्न विचारला असता तर जिल्ह्याच्या इतिहासातली एक ओळ वाचली असती. हा प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात. जाहिरातीच्या मजकुरात मात्र तो कुणी विचारणार नाही, कारण जो पैसे देतो तो सांगेल तेच तिथे छापले जाते.

बायकांच्या बाबतीत तर हा कॉलम पाहवत नाही. 'अमुक पतसंस्थेचे अध्यक्ष अमुक यांच्या मातोश्री' अशी सुरुवात. मुलाचे पद आधी, मुलाचे नाव नंतर, मग 'श्रीमती' आणि शेवटी ती. नवऱ्याआधी गेली तर अहेव मरणाचे कौतुक, नंतर गेली तर गंगा भागीरथी. सहा म्हशींच्या धारा काढून दोन्ही वेळचे दूध डेअरीत घातले तिने, सभासदत्व नवऱ्याच्या नावावर, बातमी मुलाच्या नावावर. फोटोचेही तसेच. पानावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. पुरुषाचा फोटो येतो तो फेट्यातला, सत्कारातला. बाईचा फोटो एकतर आधार कार्डावरचा, ज्यात कुणीच स्वतःसारखे दिसत नाही, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला, कडेला दुसऱ्या कुणाच्या तरी शालूचा काठ आणि अर्धा खांदा. ऐंशी वर्षांत तिचा एकटीचा फोटो काढायचे कुणाला सुचले नाही, हे त्या काठावरून कळते.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. १ मे २०२४नंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी आईचे नाव, मग वडिलांचे, असाही निर्णय झाला. म्हणजे सरकारी कागद, जो सहसा सगळ्यांत शेवटी हलतो, तो हलला. निधन वार्तेचा साचा आहे तिथेच आहे. हा साचा बदलायला ना ठराव लागतो ना परिपत्रक. उपसंपादकाने वाक्य उलटे फिरवले की झाले: आधी तिचे नाव, मग तिचे काम, आणि मुलगा शेवटी, परिवारात.

आणखी एक गोष्ट या कॉलमाच्या कैवाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, मान्य केली पाहिजे. जुना काळ सोन्याचा नव्हता. फुकट असतानाही या कॉलमात सगळ्यांना जागा मिळत नव्हती. कार्यालयापासून चालत जाण्याइतक्या पेठांतले व्यापारी, मास्तर, वकील, पेन्शनर यांचीच तिथे गर्दी असायची. वर्तमानपत्रांची दारे कुणासाठी बंद असतात याचा आपला इतिहास जुना आहे. १९२०मध्ये बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही केसरीने छापली नव्हती. आजही मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेला मजूर आमच्या जिल्ह्यात मेला तर तो बातमीत येतो तो ट्रॉली उलटून 'तीन ठार'मधला एक म्हणून. तापाने खोपीत गेला तर तोही नाही. त्याच्या गावच्या दैनिकाला पत्ता नसतो आणि आमच्या दैनिकाला तो आमचा वाटत नाही. पण उपाय काय? दार अरुंद होते म्हणून त्याला तिकीट लावायचे? फुकट कॉलमात निदान मागण्याची सोय असते. वस्तीतला पोरगा फोन करून 'आमच्या आजीचं लावा की' म्हणू शकतो. दरपत्रक पुढे आल्यावर तो फोनच करत नाही.

मृत्यूचे कारण लिहावे का, हा अवघड प्रश्न आहे. 'अल्पशा आजाराने' या पडद्याआड काय काय असते ते गावाला ठाऊक असते, पानाला नसते. आत्महत्या, दारू, घरातले आजारपण या गोष्टी कुटुंबाच्या संमतीशिवाय उघड्यावर आणण्याचा अधिकार कुठल्याही वार्ताहराला नाही, आणि इथे मी कुटुंबाच्या बाजूने आहे. पण साप चावून, डेंगीने, त्याच एका वळणावर दुचाकी घसरून माणसे जातात तेव्हा कारण लपवण्याचे कारण नसते. देशात २०२०मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. बाकीची माणसे कशाने गेली, याची दप्तरात धड नोंद नाही. ऑगस्टमध्ये एकाच गल्लीतून आठ दिवसांत चार निधन वार्ता आल्या आणि चारांतही 'तापाने' असेल, तर आरोग्य खात्याच्या आधी पानावर बसलेल्या माणसाला संशय यायला हवा.

हे हवेतले बोलणे नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. १३ मार्च २०२०चा इटलीतल्या बेर्गामोचा 'लेको दी बेर्गामो' हा अंक जगभर दाखवला गेला. एरवी दोन-तीन पानांत मावणाऱ्या मृत्युसूचना त्या दिवशी दहा पानांवर पसरल्या होत्या. करोना म्हणजे काय, हे आलेखांपेक्षा त्या दहा पानांनी लोकांना सांगितले. पुढच्या वर्षी गुजरातेत तेच. ६ मे २०२१ रोजी 'संदेश'च्या भावनगर आवृत्तीची सोळातली निम्मी पाने श्रद्धांजलीची होती. सरकारी आकडा आणि पानावरची गर्दी जुळेना, तेव्हा पत्रकार स्मशानात जाऊन उभे राहिले. 'दिव्य भास्कर'ने मृत्यूचे दाखले मोजले: १ मार्च ते १० मे या काळात सुमारे १ लाख २३ हजार दाखले निघाले होते, आदल्या वर्षी त्याच काळात ५८ हजारांच्या आसपास. करोनाने गेलेल्यांचा त्या काळातला सरकारी आकडा होता ४ हजार २१८. सरकार आकडा दाबू शकते, पण गावातल्या दोनशे घरांना आपापल्या माणसाचे नाव पानावर आणण्यापासून अडवू शकत नाही. अट एकच, ते पान चालू असले पाहिजे.

कुणी म्हणेल, नोंदीसाठी कायदा आहे. आहे, १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा; २१ दिवसांत कळवायचे असते. पण सरकारी नोंदीची किंमत आपल्याला कधी कळली? २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली आणि राज्यभरातल्या तहसील कार्यालयांत गाव नमुना १४ची, म्हणजे कोतवाल बुकांची, शोधाशोध सुरू झाली. गावचा कोतवाल कोण जन्मले, कोण मेले हे त्यात लिहून ठेवायचा. काही बुके मोडीत, काही वाळवीने खाल्लेली, काही गायब. मोडी वाचणाऱ्यांचा भाव एकदम वधारला. शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर आज पोराचे शिक्षण अवलंबून आहे, हे कळल्यावर माणसे त्या फाटक्या कागदापुढे हात जोडून उभी राहिली. कोतवालाने ती ओळ लिहिताना कुणाकडून चौरस सेंटिमीटरचा दर घेतला नव्हता. वर्तमानपत्राची नोंद कायद्यासमोर तितकी भक्कम नाही, हे खरे. पण कोतवालाच्या ओळीत नसलेल्या गोष्टी तिच्यात असतात: कुठे दिल्या लेकी, कुठल्या गिरणीत होता, कुणाचा मामा.

आता पैशाकडे येऊ, कारण सगळे तिथेच अडते. जिल्हा दैनिक चालवणे म्हणजे काय याची मला कल्पना आहे. अंकाच्या किमतीत कागदाचा खर्चही निघत नाही. आयात कागदावर २०१९च्या अर्थसंकल्पात १० टक्के शुल्क लागले, पुढच्या वर्षी ते ५ वर आले, मग करोनानंतर कागदाचे भावच चढले. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, जाहिरातीवरचे कमिशन असते. वर्धापनदिनाच्या पुरवणीचे लक्ष्य असते. असा माणूस मयताच्या घरी जातो तेव्हा त्याच्या एका खिशात वही असते, दुसऱ्यात दरपत्रक. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. त्याला असे दोन खिसे शिवून देणाऱ्या व्यवस्थापनाला विचारायला हवे.

मी श्रद्धांजलीच्या जाहिरातींच्या विरोधात नाही. ज्याला प्रथम पुण्यस्मरणाचे अर्धे पान घ्यायचे आहे त्याने खुशाल घ्यावे. दशक्रियेच्या घाटावर प्रवचन आटोपून तासभर पुढाऱ्यांची भाषणे चालतात, तशी ती पानावरही चालू देत. सरकारही त्यात आपला वाटा काढतेच: अंत्यसंस्काराच्या सेवेला जीएसटीतून वगळले आहे, पण छापील जाहिरातीवर ५ टक्के आहे, मग ती साडीच्या सेलची असो की वडिलांच्या निधनाची. माझे म्हणणे फक्त पहिल्या दिवसापुरते आहे. माणूस गेल्याची बातमी, चाळीस शब्द, फोटोसह, फुकट, जात-पात, पत, पुढारी न बघता. त्याला फार तर अर्धे पान जाईल. आणि व्यवहारच बघायचा तर ज्या घरची बातमी लागते ते घर त्या दिवशी अंकाच्या आठ-दहा प्रती मागवते, आणि म्हातारे वाचक याच कॉलमासाठी अंक बंद करत नाहीत. उद्या हा कॉलमही गेला तर त्यांनी वर्गणी कशाची भरायची? पहिल्या पानावरची बातमी त्यांनी आदल्या रात्री टीव्हीवर बघितलेली असते.

व्हॉट्सॲपचे नाव काढले जाणार हे ठाऊक आहे. अर्ध्या तासात सगळ्यांना कळते, मग दुसऱ्या दिवशीच्या अंकाची गरज काय? कळते ते ग्रुपमध्ये असणाऱ्यांना. म्हणजे जे आधीच जवळ आहेत त्यांना. वर्तमानपत्राचे काम उरलेल्यांना सांगण्याचे आहे. शिवाय ग्रुपवर जिवंत माणसांना श्रद्धांजली वाहून मोकळे होणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना विचारणारा कुणी नसतो. दैनिकाकडून अशी चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो आणि माणूस स्वतः कार्यालयात येऊन उभा राहतो. फोन बदलला की निरोप गेला. चौकातल्या फ्लेक्सचे आयुष्य पाच दिवस. मग तो उतरवून कुणीतरी कडब्याच्या गंजीवर टाकतो नाहीतर खोपीवर घालतो. पावसाळ्यात शेतातून जाताना एखाद्या गंजीवरून कै. अण्णा आपल्याकडे बघत हसतात. फ्लेक्स टिकाऊ असतो याचा एवढाच पुरावा माझ्याकडे आहे.

टिकण्याचा प्रश्न वर्तमानपत्रालाही आहे. आपल्याकडे रत्नागिरीचे १८२८चे, नाशिकचे १८४०चे, कोल्हापूरचे १८५०चे अशी जुनी सार्वजनिक वाचनालये आहेत. जिल्हा दैनिकांच्या फायली असतील तर अशाच ठिकाणी. बऱ्याच दैनिकांकडे स्वतःचेच जुने अंक धड नाहीत. २०१९च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके पाण्यात गेली, तेव्हा एका ठिकाणी एकच प्रत ठेवण्याचा धोका सगळ्यांनी पाहिला. आज प्रत्येक दैनिकाचे पान संगणकावरच लागते. निधन वार्तांचे पान तेवढे महिन्याच्या महिन्याला वेगळे काढून जिल्ह्यातल्या दोन-तीन वाचनालयांना दिले तर खर्च एका पेन ड्राइव्हचा. याला योजना, समिती, अनुदान काही लागत नाही. संपादकाने एका शिपायाला सांगितले तरी होईल, पण ते सांगायला हा कॉलम आपला आहे असे त्याला वाटायला हवे.

'लिहिणार कोण, माणसे कुठे आहेत?' हे मात्र मी प्रत्येक जिल्ह्यात ऐकलेले वाक्य आहे आणि त्यात तथ्य आहे. चार उपसंपादकांवर सोळा पाने चालतात. म्हणून सगळ्यांचे चरित्र लिहा असे कुणी म्हणत नाही. चाळीस शब्दांची बातमी सर्वांची, आणि रोज त्यातल्या एकाच माणसाबद्दल शंभर-सव्वाशे शब्द जास्त. पुढारी नको, त्यांची सोय झालेली असते. शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी पत्रकारितेचे विभाग आहेत. तिथल्या मुलांना बातमीदारी शिकवायला याहून चांगला अभ्यास नाही. अनोळखी घरात जायचे, रडणाऱ्या माणसाशी बोलायचे, शेजाऱ्याकडून खातरजमा करायची, वय आणि सनावळ्यांचा मेळ घालायचा, आणि 'मनमिळाऊ' शब्द न वापरता दीडशे शब्दांत परत यायचे. पत्रकार परिषदेत चहा पिऊन प्रेसनोट आणण्यापेक्षा हे पुष्कळ अवघड आहे.

राहता राहिला जाहिरात व्यवस्थापक. बातमी फुकट लागली तर घरचे पाव पान घेणार नाहीत, अशी त्याची भीती आहे आणि महिन्याच्या हिशेबात ती खोटीही नाही. त्याला एवढेच सांगावे, की वर्षभराने प्रथम पुण्यस्मरण येतेच आहे, तेव्हा ते घर आपणहून येईल. तोवर त्याने त्या घरी फोन करू नये.